रायझरचे परीक्षण: एका मदरबोर्डला अनेक ग्राफिक्स कार्डे जोडणारा सर्वांत स्वस्त भाग

क्रिप्टो चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे आकडेमोडीच्या मोबदल्यात त्याची नाणी मिळवण्यासाठी, एकाच संगणकाला सहा, आठ किंवा बारा ग्राफिक्स कार्डे जोडण्याचा विषय निघाला, की चर्चा कार्डांच्या मॉडेलांवर आणि मदरबोर्डच्या किमतीवरच रंगते. प्रत्यक्षात अशी रिग, म्हणजे मायनिंगची जोडणी, महिनोन्‌महिने सलग चालेल की दर दोन दिवसांनी तिचे एखादे कार्ड गायब होईल, हे ज्या भागावर सर्वाधिक अवलंबून असते तो भाग काही शे रुपयांना मिळतो आणि बिलावर त्याचे नावही नीट लिहिलेले नसते. तो भाग म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस रायझर, मदरबोर्डच्या स्लॉटपासून कार्ड केबलने दूर बसवू देणारा जोड. प्रस्तुत परीक्षण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहा नगांच्या पाकिटात घेतलेल्या, कोणत्याही परिचित कंपनीचा शिक्का नसलेल्या आणि पाटीवर ‘व्हर ००९एस’ असे छापलेल्या रायझरचे आहे. मी तो आधी इथेरियम या चलनासाठी आणि पुढे इथेरियम क्लासिकसाठी आठ कार्डांच्या रिगवर वापरला असून, त्याआधीच्या ००६ आणि ००८ या आवृत्त्याही हाताळल्या आहेत. हे आकडे कोणत्याही संस्थेने ठरवलेले प्रमाण नाहीत. ज्या कारखान्याला जो आकडा छापावासा वाटतो तो छापतो, त्यामुळे एकाच आकड्याच्या दोन पाकिटांतील माल सारखाच निघेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

प्रत्येक संचात तीन मुख्य वस्तू असतात. मदरबोर्डवरील लहान एक्स१ (माहितीची एकच लेन, म्हणजे मार्गिका, असलेल्या) स्लॉटमध्ये बसणारी अंगठ्याएवढी पट्टी, जिच्या दोन्ही बाजूंना मिळून ३६ संपर्क असतात आणि डोक्यावर यूएसबी ३.० चे सॉकेट असते; साधारण ६० सेंटिमीटर लांबीची, दोन्ही टोकांना सारखाच प्लग असलेली यूएसबी ३.० केबल, आणि ज्यावर ग्राफिक्स कार्ड प्रत्यक्ष बसते ती पाटी, जिच्यावर पूर्ण लांबीचा एक्स१६ स्लॉट, काही सॉलिड कपॅसिटर, १२ व्होल्टपासून ३.३ व्होल्ट तयार करणारे छोटे सर्किट आणि वीज घेण्याची सॉकेटे असतात. यांखेरीज सोबत एक साटा ते ६ पिन अशी तार दिलेली असते, जिच्याविषयी पुढे सविस्तर लिहावे लागणार आहे. माझ्या पाकिटातील पाट्यांचे सोल्डरिंग स्वच्छ होते आणि कार्ड धरून ठेवणारी स्लॉटच्या टोकाची खिट्टी घट्ट होती. पट्ट्यांच्या कडा मात्र काही नगांत नीट घासलेल्या नव्हत्या. अशी पट्टी स्लॉटमध्ये किंचित तिरकी बसते आणि शेजारच्या केबलला धक्का लागला तरी संपर्क सोडते. बारीक पॉलिश पेपर कडेवर दोनदा फिरवला की हा दोष जातो, परंतु विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाने पॉलिश पेपर फिरवावा लागणे हे काही चांगल्या उत्पादनाचे लक्षण नव्हे.

निळ्या टोकांची केबल पाहून हा भाग यूएसबीवर चालतो असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तविक येथे यूएसबीचा संबंध केवळ तारेपुरता आहे. पीसीआय एक्स्प्रेसच्या एका लेनला माहिती पाठवण्यासाठी तारांची एक जोडी, ती स्वीकारण्यासाठी दुसरी आणि संदर्भ क्लॉकसाठी तिसरी जोडी लागते, यूएसबी ३.० च्या केबलमध्ये अशा नेमक्या तीन पिळाच्या जोड्या आधीच असतात आणि ती केबल सर्वत्र स्वस्तात तयार होते. ज्या कोणी हा मेळ प्रथम ओळखला त्याच्या कल्पकतेला दाद द्यावी लागेल. याचे दोन व्यावहारिक परिणाम आहेत. एक म्हणजे ही केबल संगणकाच्या खऱ्या यूएसबी पोर्टमध्ये कधीही लावू नये, कारण दोन्हीकडील पिनांची कामे वेगळी असल्याने पोर्ट किंवा रायझर, किंवा दोन्ही, निकामी होऊ शकतात. दुसरा असा की केबल बिघडल्यास संपूर्ण रायझर टाकून देण्याची गरज नाही. चांगल्या दर्जाची, दोन्ही टोकांना सारखाच चौकोनी प्लग असलेली यूएसबी ३.० केबल चालते. यूएसबी २.० ची केबल मात्र चालत नाही, कारण तिच्यात माहितीसाठी एकच जोडी असते.

सोळा लेनांसाठी बनवलेले कार्ड एका लेनवर चालवल्याने त्याचा वेग घटणार नाही का, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. इथेरियमच्या इथॅश या पद्धतीत डॅग नावाचा मोठा संच कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत तयार होतो आणि सारी आकडेमोड त्या मेमरीशीच चालते. मदरबोर्डकडून कार्डाला येते ती नव्या कामाची लहानशी नोंद, आणि कार्डाकडून परत जाते ते सापडलेले उत्तर. पीसीआय एक्स्प्रेसच्या पहिल्या पिढीची एक लेनही सेकंदाला २५० मेगाबाइट वाहून नेते, म्हणजे या कामासाठी ती गरजेपेक्षा कितीतरी रुंद आहे. माझ्याकडील ८ जीबीचे आरएक्स ५८० कार्ड थेट मदरबोर्डवर लावले काय किंवा रायझरवर लावले काय, मेमरीची गती जुळवल्यानंतर सेकंदाला ३० मेगाहॅशच्या (मेगाहॅश म्हणजे उत्तर शोधण्याचे दहा लाख प्रयत्न) आसपासच चालत असे. या नियमाला एक गमतीशीर अपवाद घडून गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० हे कार्ड मायनिंगचा वेग निम्म्यावर आणणाऱ्या निर्बंधासह बाजारात आणले आणि पुढच्याच महिन्यात तो निर्बंध उठवणारा ४७०.०५ हा चाचणी ड्रायव्हर चुकून स्वतःच प्रसिद्ध केला. परंतु त्या ड्रायव्हरचा लाभ मिळण्यासाठी कार्डाला किमान आठ लेना आणि मॉनिटर जोडलेला असणे आवश्यक होते. तेव्हा एक्स१ रायझरवाल्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही आणि बाजारात मॉनिटरचा आभास निर्माण करणाऱ्या एचडीएमआय खुंट्यांची मागणी मात्र वाढली.

माहितीच्या वहनात, थोडक्यात, हा रायझर उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो. खरी परीक्षा विजेची आहे, आणि तेथे विक्रेते ग्राहकाला अपुरी माहिती देतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राफिक्स कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. एक वाट कार्डाच्या डोक्यावरील ६ किंवा ८ पिनांच्या सॉकेटची, ज्यांची प्रमाणित क्षमता अनुक्रमे ७५ आणि १५० वॅट आहे. दुसरी वाट खालच्या स्लॉटची, जिथून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. रायझर लावला की ही दुसरी वाट मदरबोर्डऐवजी रायझरच्या पाटीतून जाते. संचासोबत मिळणाऱ्या तारेचे एक टोक साटाचे असते, आणि साटा वीजजोडात १२ व्होल्टसाठी प्रत्येकी दीड अँपियरच्या तीनच पिना असल्याने त्याची मर्यादा साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॅट एवढीच आहे. हा जोड हार्ड डिस्कसाठी बनवलेला आहे. ज्या वाटेवर ७५ वॅटचा भार येऊ शकतो तिला ५४ वॅटचा जोड देणे आणि तीच तार पाकिटात ‘मोफत’ म्हणून घालणे ही या उत्पादनातील सर्वांत गंभीर उणीव आहे, आणि केवळ या तारेला गुण द्यायचे झाल्यास मी शून्य देईन.

प्रत्येक कार्ड स्लॉटमधून ७५ वॅट ओढतेच असे नाही. कित्येक कार्डे बहुतांश भार डोक्यावरील सॉकेटवरच घेतात आणि स्लॉटमधून बेताचीच वीज घेतात. अशा कार्डाखाली साटाची तार वर्षभरही निमूटपणे चालते आणि मग मालक सर्वांना ती सुरक्षित असल्याचे सांगत फिरतो. एएमडीचे मूळ रचनेचे आरएक्स ४८० कार्ड मात्र जून २०१६ मध्ये आले तेव्हा स्लॉटमधून ७५ वॅटपेक्षाही अधिक वीज घेत असल्याचे चाचण्यांत आढळले होते आणि कंपनीला पुढच्या महिन्यात ड्रायव्हरद्वारे दुरुस्ती करावी लागली होती. त्याहून फसवी बाब लहान कार्डांची आहे. जीटीएक्स १०५० टीआयच्या अनेक मॉडेलांना डोक्यावर सॉकेटच नसते, त्यामुळे ती आपली सगळी वीज स्लॉटमधूनच घेतात. म्हणजे रिगमधील सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी भासणारे कार्डच रायझरवर सर्वाधिक भार टाकते.

भार मर्यादेबाहेर गेल्यावर काय होते ते मी एका परिचिताच्या गाळ्यात जवळून पाहिले आहे. रिग बंद पडली नव्हती, पंखे फिरत होते, पडद्यावर आकडेही येत होते. फक्त खोलीत जळक्या प्लास्टिकचा मंद वास होता. एक साटा जोड ओढून पाहिला तर तो निघेना, कारण त्याचे प्लास्टिक मऊ होऊन शेजारच्या जोडाला चिकटले होते, आणि कापून बाहेर काढल्यावर पिवळ्या तारेच्या मुळाशी इन्सुलेशन काळे पडून आक्रसले होते. ती तार ज्या प्रकारची होती तिच्यात जोडाचे प्लास्टिक तारांवरच ओतून घट्ट केलेले असते, आणि अशा जोडांत आतील तारांचे अंतर कमी राहिल्यास शॉर्ट होण्याचा धोका अधिक असतो.

म्हणून या रायझरचा योग्य वापर म्हणजे साटाची तार बाजूला ठेवून पाटीवरील ६ पिनांच्या सॉकेटला एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठा पेटीतून) निघालेली पीसीआय एक्स्प्रेसची तार थेट लावणे. मी वापरलेल्या ००६ आवृत्तीत हे एकच सॉकेट होते. नंतरच्या आवृत्त्यांत ६ पिन, मोलेक्स (जुन्या धाटणीचा चार पिनांचा वीजजोड) किंवा साटा असे पर्याय देण्यात आले. पर्याय अनेक असले तरी एका वेळी एकच वापरायचा असतो; ‘अधिक तारा म्हणजे अधिक वीज’ या समजुतीने दोन-दोन सॉकेटे भरणारे महाभाग आहेत, आणि त्या तारा दोन वेगळ्या एसएमपीएसमधून आलेल्या असतील तर ही समजूत महागात पडते. त्याच कारणाने कार्डाच्या डोक्यावरील तार आणि त्याच्या रायझरची तार एकाच एसएमपीएसमधून यावी. एका तारेवर दोनपेक्षा अधिक रायझर लावू नयेत, ही मर्यादा मी स्वतः पाळतो आणि जोडणी करून मागणाऱ्यांनाही तीच सांगतो.

आठ कार्डांच्या रिगला ६ पिनांच्या इतक्या तारा देणारा एसएमपीएस सामान्य दुकानात मिळत नाही किंवा मिळाला तर फार महाग पडतो. डेटा सेंटरमधून निघालेले सर्व्हरचे जुने एसएमपीएस आणि त्यांना लावायची, त्यांची वीज अनेक ६ पिनांच्या सॉकेटांत वाटणारी ब्रेकआउट पाटी हा यावरचा प्रचलित उपाय आहे आणि तो या रायझरला चांगला मानवतो, कारण असे एसएमपीएस मुख्यतः १२ व्होल्टच देतात आणि रायझरलाही ६ पिनांतून १२ व्होल्टच हवे असतात, ३.३ व्होल्ट तो स्वतः तयार करतो. आवाजाचा प्रश्न मात्र राहतो. सर्व्हरच्या एसएमपीएसमधील छोटा पंखा पूर्ण भारावर असा किंचाळतो की त्या खोलीत झोपण्याचा विचारही करू नये.

मदरबोर्डच्या निवडीचाही रायझरशी थेट संबंध आहे. एसरॉकच्या एच११० प्रो बीटीसी प्लसवर एक एक्स१६ आणि बारा एक्स१ असे एकूण १३ स्लॉट आहेत. असुसच्या बी२५० मायनिंग एक्स्पर्टवर १९ आहेत आणि तीन एसएमपीएस लावण्यासाठी २४ पिनांची तीन सॉकेटेही आहेत. हे दोन्ही बोर्ड २०१७ च्या तेजीतले. असुसच्या बोर्डची मला सर्वाधिक आवडलेली सोय म्हणजे संगणक सुरू होताना प्रत्येक स्लॉटमध्ये कार्ड सापडले की नाही याचा नकाशा पडद्यावर येतो, त्यामुळे कोणता रायझर तपासायचा ते लगेच कळते. त्याच कंपनीने २०१८ मध्ये एच३७० मायनिंग मास्टर हा बोर्ड जाहीर केला, ज्यावर २० कार्डांसाठी यूएसबीसारखी उभी सॉकेटे थेट बसवलेली होती, म्हणजे रायझरमधील लहान पट्टीचा टप्पाच वगळलेला होता. तिरक्या बसणाऱ्या पट्टीचा त्रास ज्याने सोसला आहे त्याला या रचनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे साधा सहा स्लॉटांचा बोर्ड आहे त्यांच्यासाठी एका एक्स१ स्लॉटमधून चार रायझर काढणारे मल्टिप्लायर कार्ड मिळते. ते चालते, पण बिघाड शोधताना आणखी एक संशयित वाढतो, म्हणून त्याचा मोह टाळावा.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत, ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ हा पर्याय सुरू केल्याशिवाय चार-पाचांपुढची कार्डे बहुतेक बोर्डांना दिसत नाहीत. स्लॉटची गती ‘ऑटो’वर न ठेवता पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीवर निश्चित करावी, कारण ६० सेंटिमीटरच्या स्वस्त केबलवरून तिसऱ्या पिढीची गती टिकवण्याच्या प्रयत्नात जोडणी वारंवार तुटते आणि मायनिंगला त्या गतीची गरजही नसते. विंडोजवर आठ कार्डांपुढे ड्रायव्हरच्या मर्यादा आडव्या येत आणि सर्व कार्डांच्या मेमरीच्या बेरजेएवढी व्हर्च्युअल मेमरी (डिस्कवरील जागा) राखून ठेवावी लागे. लिनक्सवर बेतलेल्या हाइव्ह ओएसवर हे दोन्ही त्रास कमी आहेत आणि रिगची स्थिती मोबाइलवरून पाहता येते, म्हणून माझी पसंती तिलाच आहे.

रायझर बिघडला हे ओळखणे हे एक वेगळेच शास्त्र आहे, कारण तो बिघडला असे कधीच स्वतःहून सांगत नाही. दोष नेहमी कार्डाच्या माथी येतो. पाटीवरील एलईडी केवळ वीज पोहोचल्याचे दाखवतात, त्यांचा माहितीच्या जोडणीशी काहीही संबंध नसतो, तरीही दिवा पेटला म्हणून रायझर निर्दोष ठरवून कार्ड दुरुस्तीला पाठवणारे पुष्कळ भेटतात. हाइव्ह ओएसवर एखाद्या एएमडी कार्डाचे तापमान ५११ अंश दिसू लागले, तर कार्ड वितळत नसून त्याच्याशी संपर्क तुटलेला असतो. ‘जीपीयू ड्रायव्हर एरर, नो टेम्प्स’ हा संदेशही बहुधा याच घरचा. अशा वेळी मी आधी केबल बदलतो, मग पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवतो, मग पाटी बदलतो, आणि एवढे करूनही दोष कार्डाबरोबरच फिरत राहिला तरच कार्डावर संशय घेतो. या क्रमात बहुतेक वेळा केबलपाशीच शोध संपतो. म्हणून सहा कार्डांसाठी सहा रायझर न घेता दोन जास्तीचे घेऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण बंद पडलेल्या कार्डाच्या नुकसानीपुढे त्यांची किंमत नगण्य आहे.

या सर्व गोष्टी ज्या सांगाड्यावर बसतात त्यासाठी तयार फ्रेम मागवण्याची गरज नाही. खिडक्यांची स्लायडिंग करणारा कोणताही कारागीर ॲल्युमिनियम सेक्शनचे उरलेले तुकडे वापरून दोन मजली फ्रेम करून देतो. त्याला फक्त दोन कार्डांमध्ये किमान चार बोटांचे अंतर ठेवायला सांगावे आणि रायझरच्या पाटीखाली प्लास्टिकचे वॉशर घालायला लावावेत, म्हणजे पाटीचे सोल्डर धातूला टेकणार नाही. खुली फ्रेम हवा चांगली खेळवते, परंतु आपल्याकडील धूळही तितक्याच उदारपणे आत घेते, आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात बंद ठेवलेल्या रिगच्या पट्ट्यांचे संपर्क निस्तेज होतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. पाण्याच्या थेंबांपेक्षा उष्णता हा मोठा शत्रू आहे. एक किलोवॅटची रिग तासाला सुमारे ३,४०० बीटीयू उष्णता खोलीत सोडते, म्हणजे एक टनाच्या एसीची पावाहून अधिक क्षमता केवळ तिच्याच पाठी खर्च होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात एसी लावून मायनिंग करण्याचा हिशेब कागदावरही जमत नाही. गरम हवा थेट बाहेर फेकणारा मोठा एक्झॉस्ट पंखा हाच व्यवहार्य उपाय आहे.

घरातील वायरिंगविषयी एवढेच सांगतो की ६ अँपियरच्या साध्या सॉकेटची कमाल मर्यादा २३० व्होल्टवर १,३८० वॅट असली तरी ती दिवसरात्र सलग भारासाठी गृहीत धरू नये. रिगला १६ अँपियरचे स्वतंत्र सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि खरे, म्हणजे वायरमनने तपासून दाखवलेले, अर्थिंग हवे. एक्स्टेंशन बोर्डावर रिग चालवणाऱ्याने या परीक्षणातील रायझरविषयीचा सल्लाही वाचू नये, कारण त्याचा प्रश्न त्याआधीच सुरू होतो.

हा रायझर आज घ्यावा का, या प्रश्नाचे उत्तर मायनिंगच्या अर्थकारणाशिवाय देता येत नाही. या रिगना ज्या चलनाने जन्म दिला त्या इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ‘मर्ज’ या बदलाद्वारे मायनिंगच पूर्णपणे थांबवले. तत्पूर्वी डिसेंबर २०२० च्या अखेरीस डॅगचा आकार ४ जीबीच्या पुढे गेल्याने ४ जीबीची कार्डे आधीच बाद झाली होती. इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशी चलने उरली, परंतु इथेरियमवरील कार्डांचा लोंढा एकदम तिकडे वळल्याने प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम कोसळली आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. सहा आरएक्स ५८० ची काटेकोरपणे जुळवलेली रिग साधारण ८०० वॅट घेते असे धरले, तरी महिन्याला ५७६ युनिट होतात. ती घराच्या नेहमीच्या वापरात मिळवल्यावर महावितरणच्या घरगुती दराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात बिल पोहोचते आणि मिळणाऱ्या नाण्यांतून ते बिलही निघत नाही. त्यात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेवरील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, विक्रीवर १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनखर्च म्हणून वजा करता येणार नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले आहे. म्हणजे प्रत्यक्षात तोटा झालेला असतानाही कर भरण्याची वेळ येऊ शकते. या परिस्थितीत नव्याने रिग उभारण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

तरीही या रायझरला गिऱ्हाईक आहे. अनेक कार्डांवर त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, कारण ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडरिंग यंत्रणेत दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत चढले की पुढचे काम कार्डावरच चालते. चढायला मात्र वेळ लागतो, दुसऱ्या पिढीच्या एका लेनवरून ८ जीबी माहिती जाण्यास किमान १६ सेकंद. येथे जुन्या रिगच्या मालकांनी एक गोष्ट तपासून घ्यावी: ब्लेंडरने डिसेंबर २०२१ मधील ३.० आवृत्तीपासून, ही एएमडी कार्डे ज्यावर चालत त्या ओपनसीएलचा आधार काढून टाकल्याने आरएक्स ५७० आणि ५८० त्या कामासाठी निरुपयोगी झाली आहेत, तर एनव्हिडियाची जीटीएक्स १६६० सुपरसारखी कार्डे अजूनही चालतात. घरच्या संगणकावर भाषा मॉडेल चालवू पाहणारे विद्यार्थीही हल्ली रायझर मागू लागले आहेत. मॉडेल दोन-तीन कार्डांत थरांनुसार विभागले तर एक लेन चालून जाते, मात्र मॉडेलला नवे शिकवायचे असेल तर कार्डांमधील देवाणघेवाण प्रचंड वाढते आणि तेथे हा रायझर पूर्णपणे अपुरा आहे. गेम खेळण्यासाठी तर त्याचा विचारही करू नये.

नवे पाकीट घेताना पाटीवर ६ पिनांचे सॉकेट आहे याची खात्री करून घ्यावी, फक्त साटावर चालणारी आवृत्ती कितीही स्वस्त असली तरी परत करावी, आणि मोकळी पाटी हातात धरून स्लॉटची खिट्टी व कपॅसिटरांची डोकी तपासावीत. मोडलेल्या रिगमधील वापरलेले रायझर सध्या किलोच्या भावाने विकल्यासारखे मिळतात आणि त्यांतील बरेचसे चांगलेही असतात. अशा मालात प्रत्येक सॉकेटच्या आत बॅटरीच्या उजेडात डोकवावे आणि प्लास्टिकला तपकिरी झाक दिसली किंवा एखादी पिन काळवंडलेली आढळली तर तो नग बाजूला ठेवावा. दुकानदार ‘चालू माल आहे, टेस्ट करून देतो’ असे म्हणून वीज देईल आणि एलईडी पेटवून दाखवील. तेव्हा त्याला त्याच रायझरवर एखादे कार्ड बसवून पडद्यावर त्याचे नाव उमटवून दाखवायला सांगावे.